हॉर्न न ऐकण्याचे तीस हजार

॥ श्री ॥

पुणे,
६ जुलै २०२४

ती. आईस,
धनंजयचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघे खुशाल आहोत. गुंजनची शाळा सुरू झाली, शिल्पाचा खोकला गेला. फोनवर तू चिडतेस आणि मी नुसतं हो हो म्हणतो, ही तुझी तक्रार. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे हे लिहून कळवतो आहे.

बाबांची गाडी तुझ्या नावावर करायची तर वारस म्हणून माझं संमतिपत्र लागतं. तू पाठवलेला कागद मिळाला, पण मी अजून सही केलेली नाही. रागावू नकोस. बाबांना जाऊन दहा महिने झाले आणि गाडी अंगणात कव्हर घालून उभी आहे. भिलाईत सुपेल्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याशी मी बोललो, तो दोन लाख साठ हजार द्यायला तयार आहे. तू म्हणतेस तसं दर आठवड्याला अहिवाऱ्याला तुझ्या मैत्रिणीकडे, हिरामावशीकडे जायचं धरलं, तर पेट्रोलचे चोवीस हजार, विम्याचे साडेआठ आणि सर्व्हिसिंगचे साडेसात. झाले वर्षाचे चाळीस हजार. शिवाय चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवला तर त्याचे पैसे निराळेच.

तू गणिताच्या शिकवण्या घेतलेली बाई. तूच वर्षाचा खरा खर्च मांडून बघ. आकडा पाहिलास की विकून टाक असं तूच म्हणशील.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धनंजय

॥ श्री ॥

मरोदा सेक्टर, भिलाई,
१५ जुलै २०२४

चि. धनंजय यास,
अनेक आशीर्वाद. सौ. शिल्पाला खोकला गेला तरी काढा सोडू नको म्हणावं. गुंजनला गोड पापा.

तुझं गणित तपासलं. दहापैकी चार गुण देते, तेही बेरीज बरोबर आहे म्हणून. याच व्हरांड्यात मी शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवले आणि घरचं पोर निम्मा खर्च विसरलं. तुझे बाबा प्लांटच्या कॉस्ट सेक्शनमध्ये जन्मभर हेच करत होते. यंत्र चालू असो की उभं असो, घसारा थांबत नाही, हे त्यांनी जेवतानासुद्धा आपल्याला ऐकवलं आहे. आज दोन लाख साठ हजारांची गाडी पुढच्या वर्षी कोणी सव्वादोन लाखांच्या वर घेणार नाही. म्हणजे पस्तीस हजार तिथेच गेले. ते दोन लाख साठ हजार बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी अठरा हजार दोनशे व्याज आलं असतं, ते बुडालं. टायर आणि बॅटरी चार वर्षांनी बदलायची, त्यासाठी दर वर्षी सव्वापाच हजार बाजूला काढायचे. हवा, पार्किंग, प्रदूषणाचा दाखला वगैरेचे साडेतेराशे. तुझे चाळीस धरून सगळे मिळून नव्व्याण्णव हजार आठशे होतात. लाखाला दोनशे कमी. तुझ्या आकड्याच्या अडीचपट खर्च मीच काढून दिला आहे, म्हणजे आईने काही लपवलं असं तुला म्हणता येणार नाही.

ड्रायव्हरच्या रकान्यात मी शून्य घातलं आहे, कारण ड्रायव्हर मीच आहे. गाडीवरचं कव्हर मे महिन्यातच निघालं. माघात सुपेल्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारी साक्षी आपल्या गुंजनपेक्षा थोडीच मोठी दिसते, पण क्लच चुकला की मास्तरीणबाईसारखी बघते. परीक्षेच्या दिवशी साहेबाने विचारलं की आजी, सोबत कोण आलंय. मी म्हटलं, सोबत आलेल्याची परीक्षा नाही, माझी आहे. पहिल्या खेपेला पास झाले. एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हटलं असतंस आणि मी तरीही काढलं असतं. मग उगाच दोघांच्या मनाला लागलं असतं.

आता टॅक्सीचं. अहिवाऱ्याला जाऊन-येऊन, थांबण्याचे पैसे धरून बाराशे मागतात. वर्षाचे बासष्ट हजार चारशे. सुपेल्याच्या बाजाराला ऑटोचे साडेसात हजारांच्या आसपास जोड. म्हणजे गाडीपेक्षा टॅक्सीच तीस हजारांनी स्वस्त पडते. मी हे कबूल करते.

पण ते तीस हजार कशाचे, ते ऐक. हे गेल्यावर आठ महिने मी शेजारच्या ममताच्या गाडीने हिराकडे जात होते. ममता फार चांगली. काकू, तुमाले कायची फिकर, आमी त्याच बाजूले जाऊन राहिलो, असं म्हणायची. दर खेपेला मी तिला डबाभर चिवडा करून द्यायची, तो तिला नको असायचा आणि मला दिल्याशिवाय राहवत नसे. हिराचे गुडघे गेलेले. तिच्याजवळ बसून हात धरावा, तोच बाहेर हॉर्न वाजायचा. एकदा ती आपल्या आईबद्दल काहीतरी सांगत होती. अर्ध्यात हॉर्न वाजला. पुढच्या वेळी ती काय सांगत होती ते तिलाच आठवेना. टॅक्सीवाल्याचाही हॉर्न वाजतो, धनंजय. आपल्या गाडीचा हॉर्न माझ्या हाताखाली असतो.

हे तीस हजार मी माझ्या शिकवणीच्या पैशातून भरते, तुझ्याकडे मागत नाही. तुझी फक्त सही हवी. लोकांच्या नजरेत गाडी अजून ह्यांची आहे आणि मी ती उसनी चालवते. मला ते आवडत नाही.

लोभ करतोस हे ठाऊक आहे, सहीही कर.

तुझी,
आई

॥ श्री ॥

पुणे,
२ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या गणितात चूक सापडली नाही. शिल्पाने तर पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं की आपल्या गाडीचा घसारा किती. तो काढल्यापासून मी बसने ऑफिसला जातो आहे.

आता खरं लिहितो. पैशाचं निमित्त होतं. मला भीती वाटते. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर चुनखडीचे डंपर कसे येतात ते मी पाहिलं आहे. बाबा गेल्याचा फोन मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला होता. आता अनोळखी नंबर दिसला की हात थांबतो. तसा दुसरा फोन घ्यायची माझ्यात हिंमत नाही. तुला लायसन्स मिळालं याचा अभिमान वाटला, खोटं बोलत नाही, पण त्या रात्री झोप आली नाही.

पोळ्याला येतो आहे. संमतिपत्र सोबत आणतो. सही करायची की नाही ते तिथे आल्यावर ठरवीन. गुंजनने तिचा लाकडी बैल दिला आहे, पूजेला मांड म्हणाली.

ओरडलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
धनंजय

॥ श्री ॥

भिलाई,
१० ऑगस्ट २०२४

चि. धनंजय यास,
आशीर्वाद.

भीती वाटते हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर मी इतकी बेरीज केली नसती. तू सायकल शिकलास तेव्हा सेक्टरच्या रस्त्यावर मी फाटकाला धरून उभी राहायची. तू वळण घेऊन दिसेनासा झालास की परत दिसेपर्यंत फाटक सोडत नसे. पण सायकल विकली नाही.

दुर्ग स्टेशनवर टॅक्सी बोलावू नकोस. मी बाहेर उभी असेन.

बाकी माया भेटीत.

तुझी,
आई

॥ श्री ॥

पुणे,
८ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचलो. अनारसे प्रवासातच संपले, त्यामुळे घरी बोलणी खाल्ली.

तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो. स्टेशनबाहेर तू मला डावीकडच्या सीटवर बसायला सांगितलंस. तिथे मी तुला लहानपणापासून पाहत आलो होतो, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. आता पिशवी माझ्या मांडीवर होती. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर मागून डंपर भोंगा वाजवत आला, तेव्हा मी पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस की खालची फरशी फुटेल. मग इंडिकेटर दिलास, गाडी डावीकडे घेतलीस, त्याला जाऊ दिलंस आणि पुन्हा रस्त्यावर आलीस. बाबा अशा वेळी डंपरवाल्याला शिव्या द्यायचे. तू फक्त आरसा पाहिलास.

मावशीकडे आपण दुपारभर होतो. तू चहा करायला आत गेलीस तेव्हा मावशी मला म्हणाली की कलाबाई आता आली की चप्पल काढून बसते, पयले तं उभ्यानंच बोलून जाये. तेवढं ऐकलं आणि मी बाहेर आलो. पोचल्याबरोबर तू गाडीला हळदकुंकू लावून बॉनेटवर गुंजनचा बैल ठेवला होतास. त्याच्या बाजूला कागद ठेवून मी सही केली. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून सही जरा जाड आली आहे.

ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो आहे की माझी आई गाडी चालवते. एकाने विचारलं की या वयात कशाला. मी त्याला तीस हजारांचा हिशोब पाठ म्हणून दाखवला.

तुझा लोभ असाच चौथ्या गिअरमध्ये राहो.

तुझा,
धनंजय

॥ श्री ॥

मरोदा सेक्टर, भिलाई,
२० ऑक्टोबर २०२४

चि. धनंजय यास,
अनेक आशीर्वाद. शिल्पाने ड्रायव्हिंगचा क्लास लावला हे वाचून फार बरं वाटलं. क्लचची घाई करू नको म्हणावं.

काल गाडीच्या नोंदणीचं कार्ड आलं. पोस्टमनने नाव वाचून विचारलं की साहेबांच्या नावाचं नाही का. मी चष्मा लावून त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आपलं हे क्वार्टर ह्यांच्या नावावर मिळालेलं. गॅस ह्यांच्या नावाचा, विजेचं बिल ह्यांचं, दारावरची पाटीही ह्यांचीच, आणि ती मी काढणार नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण काल ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ व्हरांड्यात बसले होते. ममता आली, तिलाही दाखवलं. तिने चिवडा मागितला. या वेळी तिनेच मागितला, तेव्हा मनापासून करून दिला. येत्या गुरुवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेणार आहे, आणि बाहेर थांबून हॉर्न वाजवणार नाही.

हिराला आईबद्दलची ती गोष्ट परवा आठवली. पुरती सांगायला तिला दोन तास लागले. भेटशील तेव्हा सांगेन, ती पत्रात मावणार नाही.

कार्डावर मालकाच्या जागी कलावती गावंडे असं छापलं आहे. त्याखाली बारीक अक्षरात पतीचं नाव, नरहरी गावंडे. लग्नाच्या पत्रिकेपासून आजवर प्रत्येक कागदावर आधी ह्यांचं नाव आणि मागून माझं आलं. या कार्डावर पहिल्यांदा मी वर आहे आणि हे खाली. हे असते तर कार्ड उलटं धरून वाचलं असतं आणि म्हणाले असते की आता बरोबर आहे.

लोभ असावा असं मी लिहीत नाही, तो आहेच. दिवाळीला या, आणायला मी येते.

तुझी,
आई