अण्णांचे हात आणि गाडीचे सांधे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (लांबूनच, हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही). इकडे सगळे बरे आहेत. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, माझ्या अंगठ्यापेक्षा नक्कीच बरा असणार. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या प्रकरणात मुद्दा जरा उशिरा येतो.

मागच्या खेपेला तू अण्णांच्या शेजारी बसून बाजारात गेलीस, गाडी रस्ताभर डुलत गेली, आणि घरी येऊन तू निकाल दिलास की अण्णांचे हात थकले, आता गाडी बंद. आईने तुझा शब्द खाली पडू दिला नाही. किल्ली तिच्या कपाटात गेली. तेव्हापासून अण्णा रोज सकाळी उभ्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसून पेपर वाचतात. मला ते बघवेना गं. म्हणून मी मेकॅनिकला घरी आणलं. त्याने पुढचं चाक धरून हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुग हललं. म्हणाला, स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडतात तिथले सांधे (त्यांना टाय रॉड एंड म्हणतात, मी आता तज्ज्ञ आहे) पार झिजलेत. गाडी गॅरेजला पाठवा. यावर अण्णा म्हणाले, माझी गाडी परक्याच्या हाती द्यायची नाही. आणि आई म्हणाली, मेकॅनिकचं काय, त्याला काम हवंच असतं. मग "आपणच घरी बदलू" असं बोलून बसणारा शहाणा कोण, हे तुला सांगायला नको.

सुट्टीच्या दिवशी गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं. इथवर मी राजा होतो. पुढे नट गंजलेला. त्याला तेल पाजलं, पान्यावर उभा राहिलो, शिव्या घातल्या (मनातल्या मनात, आई पायरीवर होती). नट निघाला तर सांधा जागचा हलेना. हातोडा घातला तो नेमका अंगठ्यावर. तेव्हा ओट्यावर पेपर वाचत बसलेले अण्णा उठले, माझ्या हातून हातोडा घेतला आणि बाजूने एकच घाव घातला. सांधा टपकन खाली. हेच ते तुझे थकलेले हात! परत जाऊन पेपर वाचायला बसले.

आता, जुना सांधा काढताना किती आटे फिरले ते मोजायचं आणि नवा तेवढेच आटे फिरवून बसवायचा, म्हणजे चाकाचं तोंड सरळ राहतं, असं मेकॅनिकने बजावलं होतं. मी मोठ्याने मोजत होतो. नेमकी त्याच वेळी आई इस्त्रीचे कपडे मोजायला बसली, तीही मोठ्याने. आणि आईने एक आकडा म्हटला की पुढचा आपण म्हणायचा, ही तिने लहानपणापासून आपल्याला लावलेली सवय (उजळणी तशीच घोकून घेतली ना तिने!). त्यामुळे मी बसवलेल्या सांध्यात दोन उशांचे अभ्रे आणि अण्णांचा एक पायजमा जमा आहे. गाडी खाली उतरवली, तर एक चाक फाटकाकडे बघतंय आणि दुसरं शेजाऱ्यांच्या न्हाणीघराकडे. शेजारीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

शेवटी मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. तो पोटभर हसला आणि चाकं सरळ करून देऊन गेला. आईने "फक्त एका फेरीपुरती" किल्ली दिली आणि स्वतः मागे जाऊन बसली. अण्णांनी गाडी काढली आणि ताई, गाडी पुन्हा डुलली! आई म्हणाली, "बघ." मी शेजारच्या सीटवर दाराची कडी घट्ट धरली. पण अण्णांनी गाडी कडेला घेतली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "आता हिला ओढून धरायला नको. हातांना सवय झालीय रे, त्यांना सांगायला हवं." मग निघाले ते थेट बाजारापर्यंत, सुतासारखे सरळ. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गाडी अण्णांमुळे डुलत नव्हती. अण्णा होते म्हणून नुसती डुलत होती, नाहीतर कधीच गटारात गेली असती. मला रडूच आलं. आई खिडकीबाहेर बघत होती, बराच वेळ.

घरी आल्यावर किल्ली पुन्हा कपाटात. अण्णा पुन्हा पेपर घेऊन गाडीत. मुलांना गोड पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. : फाटक वाकडं दिसलं तर अण्णांना काही बोलू नकोस. परत येताना हट्टाने मी चालवली होती.

ता. क. दुसरा : मुद्दा असा, की आईला फोन करून किल्ली द्यायला सांग. तुझ्या शब्दावर कपाटात गेली, तुझ्याच शब्दावर बाहेर येईल. जरा दरडावून सांग.

ता. क. तिसरा : आई शेजारीच बसून हे वाचतेय. "दरडावून"खाली रेघ मार म्हणते. फोनवर ती आधी नाहीच म्हणणार आहे, चांगली दोन-तीनदा, पण तू मागे हटायचं नाहीस. आणि फोन शनिवारच्या आत कर. रविवारी तिला मावशीकडे जायचंय, आणि अण्णांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात स्टिअरिंग असलं की तिला भीती वाटते.