न काढलेला तुकडा

३ फेब्रु. ९८, मंगळ.
दवाखान्यात लेझर येऊन महिना झाला. दात दाखवायच्या निमित्ताने अख्खी डोंबिवली मशीन बघून जातेय. कंटाळा आला त्याच त्या प्रश्नांचा.
आज खाडीवरच्या हिराबाई. मासळी विकतात. गालाच्या आत पांढरा चट्टा, नखाएवढा. वीस वर्षांची मशेरी. तुकडा काढून तपासायला पाठवू म्हटलं तर खुर्चीतून उठल्याच. "सुरी नको. ती बत्ती मारा नं, दुखत नाय म्हंतात."
दुपारचा दीड, बाहेर सहा जण, पोटात काही नाही. मारली बत्ती. दहा मिनिटांत चट्टा गायब, रक्ताचा थेंब नाही. खूश झालो स्वतःवर.

१० फेब्रु.
जखम छान भरतेय. मशेरी सोडा म्हटलं, तर हसल्या. बाजारात माझं कौतुक सांगत सुटल्यात.
दवाखान्याचं काउंटर सुधाकडे. घरी विचारते, "अहो, त्यांचा तुकडा पाठवलात?"
"पाठवायला उरलंय काय? वाफ झाली सगळी."
मी हसलो. बायको नाही हसली.

१४ जुलै
हिराबाई परत. त्याच जागी फोड, कडा टणक. बोट लावून दोनदा पाहिलं. या वेळी ऐकलं नाही, तुकडा काढला. रडल्या.

१७ जुलै
लॅबचा फोन. कॅन्सर.
फेब्रुवारीतच होता, की नंतर... पुरावा मीच जाळला. नंतर तीन दाढा काढल्या, कोणाच्या ते आठवत नाही. लेझरवर कव्हर घातलं. त्याचा काय दोष म्हणा.

२० जुलै, सोम.
परळच्या कॅन्सर हॉस्पिटलसाठी चिठ्ठी. 'आधीचा उपचार'पाशी पेन अडलं. "लेझरने चट्टा काढला" एवढ्यावर भागलं असतं. शेवटी लिहिलं, तपासणीसाठी तुकडा घेतला नव्हता. सही केली. लाज वाटते.

२१ जुलै
हिराबाई आणि त्यांची मुलगी. "काय लिवलाय, वाचून दावा." मराठीत सांगितलं सगळं, तुकड्याचंही.
मग हिराबाई, "म्हंजे तवाच कललं असतं?"
"कदाचित. आता नाही सांगता येत."
त्यांनी चिठ्ठी पिशवीत ठेवली. "तुमी येता का आमचे संगती परलला?"
हो म्हणालो. मुलगी म्हणाली, "कशाला?"
हिराबाईंनी पिशवी उचलली. उद्या सकाळी सातला स्टेशनवर भेटायचं ठरलंय. सुधाने सकाळचे पेशंट पुढे ढकलले. मी जाणार. त्या माझ्यासाठी थांबतील का, माहीत नाही.