पेनिसिलिनचे वावडे पुन्हा सक्रिय करून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
संगणकीय रुग्णसुरक्षा व गुणवत्ता कक्ष,
बाह्यरुग्ण विभाग, सार्वजनिक रुग्णालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : अर्जदाराच्या पत्नीस असलेले व आपल्या प्रणालीने ‘निष्क्रिय’ ठरवलेले पेनिसिलिनचे वावडे येत्या गुरुवारपूर्वी सक्रिय होणेबाबत.

संदर्भ : मदतकक्ष तक्रार क्र. ४०७१२ (शेरा : ‘समाधानकारकरीत्या निकाली’. समाधान कोणाचे झाले, हे नमूद नाही.)

महोदय,

अर्जदार हा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक असून त्याचे वय बाहत्तर आहे. आपल्या विभागात नवी संगणकप्रणाली आल्यापासून रुग्णांच्या सुरक्षिततेस जे भरते आले आहे, त्याबद्दल सर्वप्रथम आपले अंतःकरणपूर्वक अभिनंदन. प्रतीक्षागृहातील पडद्यावर ‘वावडे-नोंद : शंभर टक्के पूर्ण’ ही अक्षरे हिरव्या रंगात सतत झळकत असतात. त्या पडद्याखालच्या बाकावर अर्जदार व त्याची पत्नी मागील पंधरवड्यात एकूण अकरा तास बसली असल्याने ती अक्षरे उभयतांस मुखोद्गत आहेत. अशा सर्वांगपरिपूर्ण व्यवस्थेत एका वृद्ध स्त्रीचा जीव तेवढा नोंदवायचा राहून गेला आहे. ही क्षुल्लक बाब आपल्या निदर्शनास आणावी, एवढाच या अर्जाचा हेतू आहे.

१. पूर्वी या विभागात जाड पुठ्ठ्याची कार्डे असत. नोंदणीच्या टेबलाशी बसणाऱ्या थोरल्या सिस्टर प्रत्येकास “कुठलं औषध बाधतं का?” असे विचारीत आणि बाधत असल्यास कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहीत. पत्नीच्या कार्डावर ‘पेनिसिलिन नको’ हे शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केले होते. गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या आणि कार्डांची छायाचित्रे संगणकात गेली. छायाचित्रे घेणारे यंत्र काटकसरी असल्याने त्यास केवळ काळा रंग ओळखता येतो. लाल शाई काळ्यात मिसळली. ते चित्र आता ‘जुनी कागदपत्रे’ या कप्प्यात सुरक्षित आहे. हा कप्पा उघडताना अर्जदाराने अद्याप कोणासही पाहिलेले नाही, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका उरत नाही.

२. नव्या पद्धतीत वावड्याचा रकाना भरल्यावाचून पुढचे पान उघडत नाही. पर्यायांची यादी अकारविल्हे आहे. तीत ‘काहीही नाही’ हा पर्याय मात्र नाही. तो ठेवल्यास कर्मचारी आळसाने तोच निवडतील, या दूरदृष्टीने तो गाळल्याचे समजते. परिणामी कर्मचारी उद्योगशीलतेने यादीतील पहिला शब्द निवडतात. पहिला शब्द ‘अंडे’ हा आहे. नोंदणीच्या खिडकीतील ताईंना अर्जदाराने याविषयी विचारले असता त्या म्हणाल्या, “काका, रकाना रिकामा ठेवला तर पान हलत नाही, आणि पान नाही हललं तर ही रांग मला खाईल. अंडं टाकलं की सुटतो सगळे.” सबब आजमितीस या रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकास अंड्याचे वावडे आहे. चार दिवसांच्या बालकास आहे. गेली पन्नास वर्षे रोज न्याहारीला दोन अंडी खाणाऱ्या प्रस्तुत अर्जदारासही आहे. अर्जदाराने त्या सकाळीही ती खाल्ली होती, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ताई म्हणाल्या, “मग जरा जपून खात जा.”

३. प्रत्येकास वावडे असल्याने औषध लिहिताना प्रत्येकाच्या वेळी डॉक्टरांच्या पडद्यावर पिवळी चौकट उगवते : ‘सावधान! रुग्णास वावडे आहे. पुढे जावे?’ पत्नीच्या पायावरील जखम पाहणाऱ्या डॉक्टर वयाने लहान, स्वभावाने गोड आणि कामाने थकलेल्या आहेत. सकाळपासून साठ रुग्ण, म्हणजे साठ चौकटी. त्यांचे बोट ‘पुढे’ या शब्दावर आपोआप पडते, जसा जेवताना हात तोंडाशी जातो. अर्जदार त्यांना तिळमात्र दोष देत नाही. त्याने छत्तीस वर्षे व्यापाऱ्यांच्या मापांवर शिक्के मारले आहेत. खऱ्या आणि खोट्या मापावर जो सारखाच उमटतो, त्याला त्याच्या खात्यात शिक्का म्हणत नसत, शाईचा डाग म्हणत.

४. त्या दिवशी लिहिले गेलेले औषध पेनिसिलिनच्याच कुळातील होते. चिठ्ठीवर ‘प्रणालीने तपासले : सुरक्षित’ असा ठसा होता. औषधाच्या खिडकीशी पत्नीने चष्मा लावून पाकिटावरील नाव वाचले आणि म्हणाली, “अहो दादा, हे मला चालत नाही.” औषध देणाऱ्या गृहस्थांनी पडद्याकडे पाहून उत्तर दिले, “आजी, तुम्हाला अंड्याचं आहे. ही गोळी आहे, अंडं नाही.” मागचे लोक हसले. पत्नीही हसली, कारण तिला विनोद कळतो. गोळ्या मात्र तिने परत केल्या.

५. हे वावडे हौसेचे नाही, एवढे सांगण्याची परवानगी असावी. एकतीस वर्षांपूर्वी दाढ काढल्यावर तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. दहा मिनिटांत ओठ सुजले आणि गळा आवळला गेला. श्वास आत जाईना. एका शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीतून अर्जदाराने तिला दुसऱ्या दवाखान्यात नेले. त्या वाटेवर तिने त्याचे मनगट धरून ठेवले होते आणि ती पकड दोनदा सैल झाली. त्यानंतर तिने त्या औषधास स्पर्श केलेला नाही.

६. आणि नेमका हाच तिचा अपराध ठरला आहे. डॉक्टरांना चूक कळताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तत्काळ ‘पेनिसिलिन’ ही नोंद घातली. प्रणालीने मागील बारा महिन्यांतील प्रतिक्रियेची तारीख मागितली. ती नसल्याने नोंद ‘निष्क्रिय’ झाली, आणि निष्क्रिय वावड्यासाठी चौकट उगवत नाही. मदतकक्षास दूरध्वनी केला असता तेथील तरुणाने अत्यंत आदराने सांगितले, “सर, वर्षभरात एकदा जरी त्रास झाला असता ना, तर मी दोन मिनिटांत करून दिलं असतं.” अर्जदाराने विचारले, “म्हणजे तिला पुन्हा एकदा द्यायचं का?” त्यावर तो म्हणाला, “तसं मी ऑफिशियली सांगू शकत नाही, सर.” या संयमाबद्दल त्याची सेवापुस्तिकेत नोंद व्हावी.

७. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता पत्नीच्या पायाची छोटी शस्त्रक्रिया आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचे इंजेक्शन प्रणाली स्वतःच लिहिते, आणि ते पेनिसिलिनच्या कुळातीलच असते. मागच्या खेपेस तिने चष्मा लावून वाचले म्हणून ती वाचली. गुरुवारी तिला आधी गुंगीचे औषध दिले जाणार आहे. गुंगीतल्या माणसास पाकिटावरचे नाव वाचता येत नाही, आणि त्याने कोणास “अहो दादा” म्हणून हाक मारावी, अशी अपेक्षाही ठेवू नये.

८. अर्जदाराने स्वबळावर केलेले प्रयत्न असे. डॉक्टर म्हणाल्या, “मी सगळ्यांना सांगून ठेवते, आजी, पण बुधवारपासून माझी बदली आहे.” शस्त्रक्रियागृह कागदविरहित झाल्याने चिठ्ठी आत जात नाही. दारापर्यंत अर्जदारास प्रवेश आहे, परंतु दारात तोंडी सांगितलेले टिपून घेण्यास रकाना नाही. मनगटावरील पट्टी प्रणालीच छापते, तीवर ‘अंडे’ असे येईल. अर्जदाराने पत्नीच्या दंडावर न पुसणाऱ्या शाईने लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा ती म्हणाली, “कपाळावरच लिहा ना, म्हणजे लांबून दिसेल. आणि खाली तुमचा शिक्काही मारा.” हे बोलून ती भाजी निवडायला बसली. निवडून झाल्यावर पाने कचऱ्यात आणि देठे पातेल्यात गेलेली अर्जदारास आढळली, ती त्याने मागाहून अदलाबदल करून ठेवली.

९. तरी प्रार्थना अशी की, पत्नीचे वावडे गुरुवारपूर्वी सक्रिय करावे आणि तिच्या नावावरील अंडे काढून टाकावे. यादीत ‘काहीही नाही’ हे दोन शब्द घालावेत, म्हणजे ज्यांना खरोखर काही आहे ते दिसू लागतील. हिरव्या पडद्यावरचा शंभराचा आकडा त्यामुळे खाली येईल, याची अर्जदारास जाणीव आहे. तो घसरलेला आकडा हाच आपल्या कक्षाचा पहिला खरा आकडा असेल. आणि यांपैकी काहीही नियमात बसत नसल्यास, आपण स्वतः गुरुवारी आठ वाजता उपस्थित राहून, इंजेक्शननंतरची पहिली दहा मिनिटे तिचे मनगट धरून बसावे. खुर्ची अर्जदार घरून आणील.

आपल्या कक्षाच्या दारावरील सूचनेनुसार अर्जांना पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळते आणि गुरुवार तीन दिवसांवर आहे. नियम मोडण्याचा आग्रह अर्जदार धरीत नाही. उत्तर पंधराव्या दिवशी आले तरी चालेल, मात्र ते जिच्याविषयी आहे तिला ते वाचून दाखवता आले पाहिजे.

उत्तरापेक्षा कृतीची अधिक वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त निरीक्षक, वजनमापे
रुग्ण क्र. २२८१९ हिचा पती

दि. १४, सोमवार

सोबत :
१. जुन्या कार्डाची प्रत. (रंगीत. खर्च अर्जदाराने सोसला आहे.)
२. एकतीस वर्षांपूर्वीच्या दवाखान्याचा दाखला.
३. पत्नीचे स्वहस्ताक्षरातील निवेदन, एकूण दोन ओळी : “मला पेनिसिलिन चालत नाही. हे मी शुद्धीत असताना लिहून ठेवते आहे.”