गळ्यातली गाठ, पोटातलं बाळ

२० नोव्हेंबर
पाचवा संपत आला. ओटीच्या ब्लाउजचं माप घ्यायला आई (सासूबाई) बसल्या. मी पाणी पीत होते. टेप तशीच धरून म्हणाल्या, "गो, गळ्यात ह्या काय हलता?" आरशात पाहिलं. गिळलं की उजवीकडे बोराएवढं काहीतरी वर-खाली. मला कसं कधी दिसलं नाही! उद्या दाखवते. ब्लाउज मोरपंखी ठरला.

२७ नोव्हेंबर
गळ्याची सोनोग्राफी, मग सुईने गाठीतला नमुना. मुंगी चावल्यासारखं, बस. निलेश चारकोपच्या कंपनीतून हाफ डे टाकून आला, माझ्यापेक्षा तोच घामाघूम. परतताना शेवपुरी. "तुला तिखट नको" म्हणत माझी अर्धी त्यानेच खाल्ली.

४ डिसेंबर
थायरॉइडचा कॅन्सर. लिहून बघितलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.
सर्जनबाई शांत. "हा फार हळू वाढणारा प्रकार आहे. आत्ता ऑपरेशन करता येईल, किंवा बाळंत झाल्यावर. थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. मात्र बघत राहायचं. वाढली तर वेगळा विचार."
बाळाला काही? "गाठीमुळे नाही."
माझं काही चुकलं का, हेही विचारलं. "काहीच नाही," म्हणाल्या. हे दोनदा म्हणायला लावलं त्यांना.
नि. म्हणतो, "आत्ताच काढून टाकू ना यार. मला झोप नाही लागणार."
"मला लागेल. थांबू या."
रिक्षात तो फोनवर ऑपरेशनबद्दलच वाचत बसला. थेट घरापर्यंत.

५ डिसेंबर
आईंना सांगितलं. रडतील वाटलं. कोलंबी सोलत होत्या, सोलत राहिल्या. "तू पोटातल्याक बघ. गळ्यातल्याची काळजी माका दी." मग नि.ला आत बोलावून काय झापलं देव जाणे. बाहेर येऊन म्हणाला, "बरं, थांबू. पण एकही तपासणी चुकवायची नाही." कबूल. रात्रीचं कालवण झकास होतं.

१६ जानेवारी
दोन्ही सोनोग्राफ्या एकाच दिवशी. वरची आहे तेवढीच, खालचं मस्त वाढलंय. उलट झालं असतं तर... नको. खूष आहे आज. पाय सुजलेत. शाळेत खुर्चीत बसूनच चौथीला अपूर्णांक शिकवते. पोरं फळ्यावर माझ्याऐवजी लिहायला भांडतात.

२३ मार्च
मुलगी! काल दुपारी. नॉर्मल. डोकंभर केस, नाक निलेशचं (बिचारी). पहिल्यांदा प्यायला घेतलं तेव्हा तिने असं काही पकडलं की मी ओरडलेच. नर्स हसली.
आईंनी नातीच्या गळ्यावरून हळूच बोट फिरवून पाहिलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

११ जून
ऑपरेशन परवा झालं. आज घरी. आवाज पार फाटलाय. सर्जनबाई म्हणतात येईल परत, धीर धरा. वर्गासमोर उभी राहीन तेव्हा काय?
आधीच काढून फ्रीजरमध्ये ठेवलेलं दूध पुरलं. आई त्या पिशव्यांना "बर्फाचा दूध" म्हणून नाकं मुरडायच्या, पण कोमट करून पाजलं त्यांनीच.
आल्या आल्या हाक मारली, "ईरा." दचकली. कोण ही बाई! मग कुशीत घेतलं, तेव्हा ओळख पटली.

१९ जून
रिपोर्ट. गाठ पूर्ण निघाली. पण शेजारच्या एका ग्रंथीतही थोडं सापडलं. म्हणून कदाचित आयोडीनचा डोस. साधं नाही, किरणोत्सारी. घ्यायचा तर काही आठवडे आधी दूध तोडायचं, ते कायमचंच. आणि डोसनंतर काही दिवस ईरापासून लांब राहायचं.
सर्जनबाई म्हणाल्या, "आधी रक्तात थायरॉइडचा अंश किती उरलाय ते बघू. आकडा अगदी कमी आला तर डोस नको. जास्त आला तर घ्यायलाच हवा. मधला आला तर दोन्ही बाजू सांगेन, ठरवायचं तुम्ही."
कॅन्सर ऐकून रडले नव्हते. आज रडले.

१ ऑगस्ट
सकाळी रक्त दिलं. आवाज बराच आलाय. ईराला रागावता येतं आता. ती हसते.
घरी आले तर आई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या, मांडीवर ईरा, वाटी-चमच्याने डब्याचं दूध पाजणं चाललेलं. चोरून! ईराने सगळं त्यांच्या गाऊनवर थुंकलं. मला बघून ओशाळल्या. "सवय लावन बघतंय. लागलाच तर."
"आणि नाही लागलं तर?"
"तर माजो गाऊन फुकट खराब झालो."
दोघी हसत सुटलो. ईरा आळीपाळीने आमची तोंडं बघत होती.

३ ऑगस्ट
रिपोर्ट आज कळवतो म्हणालेत. सकाळी नि.ने विचारलं, "मधला आला तर काय ठरवलंस?" काही नाही. अंघोळ करताना वाटतं, घेऊन टाकावा डोस, ही मोठी होईपर्यंत मला राहायचंय. ती प्यायला लागली, एक हात माझ्या गालावर आपटायला लागली, की वाटतं, अजून थोडे दिवस. भीती आहे, पण तिच्यामुळे जेवण अडत नाही. बांगड्याच्या दोन तुकड्या संपवल्या.
दुपारी ईरा पीत असताना फोन वाजला. तिला तशीच धरून उचलला. रिपोर्टचा नव्हता. नि.
"येताना दूध आणू का?"
"चहापुरतं आण," म्हटलं.