दत्तारामकाकांना यंत्र हाय म्हणालं

थुवाल, सौदी अरेबिया
१३ जानेवारी २०२४

ती. रूपालीताईस,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन वाडीत लागत नाही आणि कर्जतला उतरलीस की तू बाजाराच्या गडबडीत, म्हणून हे पत्र. लिहून त्याचा फोटो पाठवतोय. रेंजमध्ये आलीस की पोचेल, मग घरी बसून सावकाश वाच.

आमच्या कॅम्पात महिन्यापूर्वी दवाखाना उघडला. गार एसी, आणि उस्मानभाई म्हणून म्हसळ्याचे नर्स. सगळ्यांनी प्रेशर आणि साखर तपासून घ्या, असं ते जेवणाच्या रांगेत सांगत फिरले. तीनशे माणसांतले चौघे गेले, त्यातले दोघे एसीत डुलकी काढायला. बाकीच्यांचं म्हणणं, काही निघालं तर कंपनी इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रद्द करून घरी धाडेल, खलास!

ही हूल उठवणारे आमच्याच खोलीतले दत्तारामकाका. संगमेश्वरचे, पाइप फिटर, वय बावन्न. मला लेकासारखं वागवतात. पण ताई, हल्ली ते नुसतं पाणी पितात. पाच लिटरचा कॅन दुपारपर्यंत रिकामा. वजन एवढं उतरलंय की पॅंट दोरीने बांधतात. तपासून घ्या म्हटलं की क्रिकेटचा विषय काढतात.

आता मुद्द्याचं. मी उस्मानभाईंपुढे फुशारकी मारून बसलोय की माझी ताई आशा कार्यकर्ती आहे आणि तिने आमची अख्खी आदिवासी वाडी तपासून घेतली. ते म्हणाले, कसं केलं ते विचार तिला. माझी लाज तुझ्या हाती आहे.

लोभ आहेच, त्यात उत्तराची भर घाल.
तुझा
समाधान


कळकीची वाडी, ता. कर्जत
२ फेब्रुवारी २०२४

चि. समाधानास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मी आणि पोरं लोळून हसलो. लसवाली बाई आली की भाताच्या कणगीत लपणारा मुलगा आता कॅम्पाला आरोग्य शिकवणार!

तुला माहीत नाही, पण पहिलं वर्षभर आपल्या उपकेंद्रात फक्त शेळ्या यायच्या. ओट्यावर सावली छान पडते ना. मी घरोघर फिरून चला चला करायची आणि माणसं मागच्या दाराने रानात पसार. शेवटी हिरूआजीने मला खाली बसवलं. म्हणाली, आजार निघाला की गाडीत घालून लांब नेतात, आणि माणूस एकटाच मरतो तिथे. शिरपतमामाचं तसं झालं होतं रे. लोकांची भीती खोटी नव्हती, मीच कधी विचारली नव्हती.

मग मी मोठ्या डॉक्टरांना वाडीत आणलं. ज्याला नेतील त्याच्यासोबत घरचं एक माणूस जाईलच, हे त्यांच्याकडून सगळ्यांदेखत कबूल करून घेतलं. त्यानंतर प्रेशरचं यंत्र घेऊन गौरीच्या नाचात जाऊन बसले. प्रत्येकाचा आकडा त्याच्या कानात सांगायची. ढोलवाल्याचा सगळ्यात जास्त निघाला, तर तो ढाल जिंकल्यासारखा आठवडाभर मिरवला!

तेव्हा आधी बघ, काकांची भीती खरी आहे का. खरी असेल तर ती मिटव, मग सुई. पण उशीर करू नकोस. तहान आणि उतरतं वजन ही साखरेचीच लक्षणं वाटतात मला.

डोक्यावर हेल्मेट आणि माझ्यावर माया, दोन्ही ठेव.
तुझी
ताई


थुवाल
२२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न.

आनंदाच्या घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र येताच उस्मानभाईंना घेऊन कॅम्पाच्या साहेबाकडे गेलो आणि सरळ विचारलं. त्याने वर विचारलं आणि चार दिवसांनी शिक्क्याचा कागद दिला. साखर आणि प्रेशरवाल्यांवर इलाज होईल, त्यासाठी कोणाला घरी पाठवणार नाही. तो आम्ही मेसच्या दारावर हिंदीत आणि मराठीत लावला. काका वाचून म्हणाले, शिक्का काय, कोणीही मारील.

मग शुक्रवार. दुपारची नमाज आटोपून उस्मानभाईंनी मैदानाच्या कडेला टेबल मांडलं. मी रंगाची रिकामी बादली बडवत आपला ठाकरी नाच सुरू केला. एकटा! लोक हसायला जमले आणि पाच मिनिटांत चाळीस जणांचा फेर झाला. नेपाळी, केरळी, कोणाचा पाय कुठे पडतोय पत्ता नाही. काकांना हे बघवेना. ते तरुणपणी गावच्या जाखडीत नाचायचे. मधे शिरले आणि एका हाताने पॅंटची दोरी धरून असे काही नाचले की बादली वाजवायची विसरून मी बघतच राहिलो. फेर संपला तसे ते वाळूत मटकन बसले. ओठ पांढरे पडले होते.

उस्मानभाईंनी तिथेच बोट टोचलं. यंत्रावर आकडाच येईना, नुसती दोन इंग्रजी अक्षरं, एच आणि आय. काकांनी ती वाचली, मला हाय म्हणतंय म्हणाले, आणि यंत्राला नमस्कार केला. मैदान हसलं. उस्मानभाई हसले नाहीत. साखर मोजता येत नाही इतकी वर गेली की ते यंत्र ती अक्षरं दाखवतं. त्यांनी काकांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "दत्ताराम, चला. घरी नाही, इस्पितळात." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच गाडीत चढलो होतो.

चार दिवस सलाईन आणि इन्सुलिन. आणखी आठवडा गेला असता तर बेशुद्धच सापडले असते, असं डॉक्टर म्हणाले. काल परत आले. इकामा जागच्या जागी, काम हलकं मिळालं. आणि आज दवाखान्याची रांग मेसपर्यंत! रांग कोण लावतंय? दत्तारामकाका. मधे घुसणाऱ्याला कॉलर धरून मागे पाठवतात. मीही तपासून घेतलं, सगळं ठीक आहे. सुईकडे बघितलं नाही.

माया वाढवलीस तरी आम्हाला चालेल.
तुझा
समाधान


थुवाल
६ मार्च २०२४

चि. सौ. रूपालीस,
दत्तारामचे आशीर्वाद.

ओळख नसताना लिहितोय. फोन नंबर तुझ्या भावाने दिला.

पोरी, वर्षभर मला कळत होतं काहीतरी बिघडलंय. घरी बायकोला, शालनला कळू नये म्हणून व्हिडिओ कॉल बंद केला, कॅमेरा फुटला म्हणून सांगितलं. इस्पितळातून आल्यावर हिय्या करून तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मलासुद्धा आहे. तीन वर्षं झाली." तुम्ही तिकडे एकटे, जिवाला घोर नको, म्हणून बोलली नव्हती. गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवायची. आम्ही दोघं इतके हसत सुटलो की शेजारच्या खोलीतला नेपाळी बघायला आला.

आता रोज सकाळी, इकडे साडेपाच आणि तिकडे आठ वाजता, फोन. आधी आपापला आकडा सांगायचा, ज्याचा कमी तो जिंकला. मग काय खाल्लं त्याची झडती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस मी परदेशात. एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो.

आज ती जिंकली. एकशे अठरा! आणि त्या भरात तिने मला चक्क नावाने हाक मारली. नुसतं "दत्ताराम". तिची तीच लाजली आणि फोन ठेवला. मी तिथेच उभा राहिलो, ड्युटीची बस निघून गेली तरी.

लोभ नवा आहे, सांभाळून घे.
तुझा
दत्तारामकाका