पाचची गोळी

समडोळी,
३ ऑक्टोबर १९७६

सौ. कस्तुरीवन्सं यांस चंदनबालेचा सप्रेम जय जिनेंद्र, वि. वि.

बाळाला दात आले हे वाचून सगळी हसलो. इकडं तुमच्या आण्णांचं कोडं मात्र सुटंना. दर महिन्याला सकाळच्या एस्टीनं सांगलीला जातात, डॉक्टर रक्तदाब बघतात, लय झाक म्हणतात. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या बांधावर अंधारी येऊन मटकन खाली बसतात. रात्री परत डोकं ठणकतं ते वेगळंच. गोळ्यांची पुडी तर वेळेवर संपते. असं कसं हो?

भरीला रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणे. अंडं उभ्या जन्मात घरात आलं न्हाई, मग हे आलं कुठनं, असं आण्णा दारातनं जाईल त्याला विचारतात!

हसू येतं, पण भीतीबी वाटते. थोरल्या भाऊसोकाकांनी बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आन् अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्यांच्या खाटेकडं बघितलं की आण्णांची काळजी लागते.

मायेत अंतर नको.
तुमची वहिनी, चंदनबाला

सातारा,
९ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींना कस्तुरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. पुडी संपते खरी, पण कधी, ते बघितलंत का? दुसरी गोळी रात्री झोपताना घ्यायची आहे. आण्णा तर सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. मग ती गिळतात कशाबरोबर? हे म्हणाले, तू पोलिसात शोभली असतीस. थट्टा राहू द्या, पण तेवढं बघाच.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर माझा संशय तुमच्या लोणकढ्या तुपावर आहे. रागावू नका हं.

लोभ आहेच, तो वाढवा.
कस्तुरी

समडोळी,
१५ ऑक्टोबर

सौ. वन्सं यांस जय जिनेंद्र, वि. वि.

अगं बाई, तुमचंच खरं निघालं! सकाळी बस्तीतनं दर्शन घेऊन आले की दोन्ही गोळ्या एकदम दुधाबरोबर! विचारलं, तर म्हणाले, दिवसाला दोन सांगितल्यात, दोन घेतो, पोटाला घड्याळ थोडंच कळतं. डॉक्टरांना सांगितलंत का म्हटलं, तर न्हाई म्हणाले. आपल्या नियमाची चर्चा चारचौघांत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला तर रडूच आलं. आता तुम्हीच लिहा, लेकीचं ऐकतील.

आठवण असू द्या.
चंदनबाला

समडोळी,
२८ नोव्हेंबर

चि. सौ. कस्तुरीस आण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मिळालं. बापाला असं लिहितात व्हय गं? पण लिहिलंस ते बरं केलंस.

डॉक्टरांना नियम सांगितला. वाटलं, हसतील. पण त्यांनी उलट मलाच विचारलं, हिवाळ्यात सूर्य कवा मावळतो. आधी का बोलला न्हाई म्हणाले. मी म्हटलं, तुमी विचारलं न्हाई. दोन्ही एकदम घेतल्यानं सकाळी रक्तदाब लय उतरायचा आन् रात्री परत चढायचा म्हणे. आता दुसरी गोळी पाचला. कोलेस्टेरॉलचंबी मूळ सापडलं. ते तुपातनंबी वाढतंय म्हणे. मीठ कमी केल्यापासनं भाजी अळणी लागती म्हणून मीच वर तुपाची धार धरायचो. चंदनबालेला काही बोलू नको.

आता अंधारी येत न्हाई. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं की गोळी सोडावी असं मनात येतं. दादाचं, तुझ्या भाऊसोकाकांचं, तसंच झालं. म्हणून बस्तीत भगवंतापुढं आणखी एक नियम घेतला, गोळीबिगर सांजचं जेवण न्हाई. घरी येऊन दादाच्या खाटेशी बसलो आन् त्याला तसं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले.

तवापासनं पाचची एस्टी फाट्यावर वाजली, की तो चांगल्या हातानं खाटेवर थापा मारतोय. गोळी गिळून, आ करून दाखवल्याबिगर थांबत न्हाई.

जावईबापूंना जय जिनेंद्र, बाळाला पापा. माया हाय तशी राहू दे.
तुझे आण्णा