त्याच जागी, त्याच टाइपात

मी, केशवराव सखाराम गजभिये, वय सहासष्ट, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, साप्ताहिक ‘बोडीकाठ’चा मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दोष छातीत आहे, डोक्यात नाही. कोणी भीड घातलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. दर आठवड्याला अंक असे.

कलम १. राहते घर, मागच्या चिंचेसकट, माझी पत्नी मालनबाई हिला. माझ्या पेपरचा नियम आहे की ज्याचे नाव घेतले त्याला उत्तर देऊ द्यायचे. म्हणून प्रत्येक कलम मी त्या त्या माणसाला वाचून दाखवले आणि त्याचे म्हणणे खाली जसेच्या तसे उतरवले.

मालनबाईचे उत्तर : “घर देऊन रायले ते ठीक हाय, पन पावसाच्या आंधी कवेलू कोन फेरन? थेबी लिवा. आन् मरनाच्या गोठी जेवनाच्या टायमालेच कायले काढता?”

छपराची कवेलू मी यंदा फेरून देईन.

कलम २. छपाईचे यंत्र, टाइपाच्या पेट्या आणि कागद माझी मुलगी सत्यभामा हिला. दहावीपासून खिळे तीच जुळवते. पण यंत्राबरोबर तिला काय देत नाही, तेही सांगितले पाहिजे.

पेपर काढला तेव्हा पहिल्याच अंकाच्या तळाशी मी एक वचन छापले : या पेपरात ज्याचे नाव येईल त्याचे उत्तर पुढील अंकात, त्याच जागी, त्याच टाइपात, एक शब्द न कापता छापले जाईल. कायदा असे काही मागत नव्हता. आमच्या वस्तीबद्दल मोठ्या पेपरांत काहीबाही छापून येई आणि आम्हाला बोलायला जागा नसे. माझ्या पेपरात तसे होऊ नये, एवढेच मनात होते.

१९७३ साली मासे धरून पोट भरणाऱ्या डोमा वलथरे या ढिवराने सांगितले की गोपीचंदशेठ यांच्या राईस मिलचे घाण पाणी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, सोडतात आणि मासोळी मरते. मी बोडीवर गेलो, पाहिले, आणि शेठजींच्या नावासह पहिल्या पानावर छापले. त्यांनी बदनामीचा दावा लावला. ‘बोडीकाठ’मध्ये माझे हे वचन मी पाळीन, अशी लेखी हमी मी कोर्टात दिली, तेव्हा दावा मिटला. शेठजींचे उत्तर पहिल्या पानावर गेले, खाली त्यांच्या नावासकट. पुढच्या आठवड्यात दुसरे उत्तर आले.

मी मिलवर जाऊन विचारले, “हे कशाचे उत्तर?”

“मागच्या अंकात माह्यं नाव आलं ना जी.”

“ते तुमच्याच उत्तराखाली!”

“छापलं कोनं?”

वकिलाने हमीचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसला.

तेव्हापासून पहिले पान शेठजींचे आहे. त्यात मिलची सचोटी येते, त्यांच्या वडिलांची काशीयात्रा येते, मुलीच्या लग्नातला बँडही येऊन गेला. आणीबाणीत मजकूर तपासायला भंडाऱ्याला न्यावा लागे. माझी पाने लाल होऊन परत येत. शेठजींच्या पानाला पेन्सिल लागत नसे. बाजारात लोक विचारतात, “का हो संपादक, शेठच्या पेपरात या हप्त्यात काय हाय?” पेपर बंद केला तर खोटे होते म्हणून पळाला म्हणतील. हमी मोडली तर कोर्ट. चालवतो, तर त्यांचाच चालतो. बोडीची बातमी मी तिसऱ्या पानावर, मंगलकार्याच्या जाहिरातींखाली, कोणाचे नाव न घेता देत आलो. ती कोणी वाचत नाही.

प्रकाशक मेला की पेपर काढण्यासाठी सरकारात केलेले त्याचे घोषणापत्र संपते, नव्याला नवे करावे लागते. हमीही माझ्याबरोबर संपेल, असे वकील म्हणतो. म्हणून ‘बोडीकाठ’ हे नाव सत्यभामाला देत नाही. तिने नव्या नावाने पेपर काढावा ~~आणि ते वचन छापू नये~~.

सत्यभामाचे उत्तर : “नाव नका देऊ बाबा. वचन मात्र मी छापीन. आपनच कोनाले बोलू नाही देलं, तं पेपर कायले काढाचा? फक्त ‘एकदा’ हा शब्द घालीन.”

वरची खोडाखोड माझी आहे. ‘एकदा’ हा शब्द मला सुचला तोवर हमीवर शिक्का बसला होता.

कलम ३. नव्या पेपरच्या पहिल्या अंकाचे पहिले पान डोमा वलथरे यांना.

डोमाचे उत्तर : “मले का लिवता येते जी? मी सांगन, तुमची पोरगी लिवन. पन उशीर करू नका. मासोळी गेली, आता बेंडकं बी जाऊन रायले.”

कलम ४. संपादकाची खुर्ची, एक हात मोडलेली, गोपीचंदशेठ यांना. अकरा वर्षे संपादक तेच आहेत. मी उभ्याने काम केले. हे कलम मी मिलवर जाऊन वाचले. शेठजी आधी खूप हसले. मग म्हणाले, “केशवराव, तुम्ही गेल्यावर मी लिहू कोनाले?”

“सत्यभामाला. एकदा.”

“आन् दुसऱ्या हप्त्यात?”

“दुसऱ्या हप्त्यात बोडी.”

विचार करून उत्तर पाठवतो म्हणाले. त्यासाठी खाली चार ओळी सोडल्या आहेत.

.
.
.
.

सहीच्या वेळेपर्यंत या कलमाला उत्तर आलेले नाही. जागा कोरी आहे, हे साक्षीदारांनी पाहिले आहे. ती कोणी भरू नये.

हे सर्व मी वाचून, समजून सही करत आहे. जरा घाई आहे. पेपरसाठीचे शेठजींचे या आठवड्याचे उत्तर आले आहे, आणि पहिले पान अजून लावायचे आहे.

सही : केशवराव सखाराम गजभिये

आमच्यासमोर सही झाली :
१. डोमा वलथरे, ढिवर, सानगडी (डाव्या हाताचा अंगठा)
२. बाबूलाल शिंपी, बाजार चौक, सानगडी (सही)

सानगडी, दिनांक ११ मार्च १९८४